पिट्टू घ्या, पण पाण्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर वजन घेऊन झपझप चालण्याच्या व्यायामाला हल्ली ‘रकिंग’ म्हणतात. गावोगावी फौजी असलेल्या सातारा जिल्ह्यात ‘पिट्टू’, म्हणजे सैनिकाची पाठपिशवी, म्हटले की हे लगेच कळते. फौजेतला पिट्टू मात्र निवडलेल्या आणि महिनोन्‌महिने तयार केलेल्या तरुण शरीरांसाठी असतो. मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी पंधरा किलो पाठीवर टाकायचे आणि अजिंक्यतारा चढायला निघायचे, हे कंबर-गुडघ्याला महागात पडते. सोसायटीने किंवा मंडळाने मिळून हा व्यायाम सुरू करायचा तर कसा, एवढ्यासाठी हे पत्र.

गटासाठी यापेक्षा सोयीचा व्यायाम क्वचितच सापडेल. धावायला गेले की दहा मिनिटांत गट फुटतो, मागचे हिरमुसतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. इथे वजन ज्याचे त्याचे, चाल मात्र सगळ्यांची एक. तरुण मुलाच्या पाठीवर आठ किलो, आईच्या पाठीवर तीन, आजीची पिशवी रिकामी. तिघेही गप्पा मारत बरोबर चालतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असल्याने तो टळतो, दम मात्र चांगला लागतो.

पहिले दोन आठवडे वजन नकोच. शाहू स्टेडियमसारख्या सपाट जागी आठवड्यातून तीनदा ३ किलोमीटर चालावे. मग, चालल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठे दुखत नसेल तर आपल्या वजनाच्या ५ टक्के भार घ्यावा, म्हणजे ६० किलोच्या माणसाने ३ किलो. भार घेऊन आठवड्यातून दोनच दिवस चालावे, मध्ये किमान दोन दिवस सुट्टी. वाढ दर दोन आठवड्यांनी, तीही एकाच गोष्टीत: एकतर १ किलो, नाहीतर १ किलोमीटर. १० टक्क्यांवर पोचायला तीन महिने लागले तरी बिघडत नाही, आणि हौशी माणसाने १५ टक्क्यांवर थांबावे. किलोमीटरला ११-१२ मिनिटे ही चाल पुरे. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाल कमी करावी. भार घेऊन धावू नये.

खरी गोम बॅग भरण्यात आहे. महागडी बॅग लागत नाही, पण पट्टे रुंद हवेत आणि वरची शिलाई दुहेरी हवी, कारण बॅग आधी तिथेच उसवते. वजन तळाशी टाकले की बॅग मागे ओढते, माणूस कमरेत वाकतो आणि संध्याकाळी पाठ धरते. म्हणून तळाला जुनी चादर घडी करून कोंबावी, वजन त्यावर, दोन खांद्यांच्या मध्ये आणि पाठीला चिकटून बसवावे. पट्टे इतके आवळावेत की बॅग कमरेखाली लोंबणार नाही. वीट घेऊ नये, तिचे कोपरे पाठीत रुततात. पाण्याच्या बाटल्या उत्तम: एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाटाही लागत नाही. फक्त त्या काठोकाठ भराव्यात. अर्धी बाटली दर पावलाला डचमळते आणि खांदे त्या हेलकाव्यानेच थकतात. प्यायचे पाणी वेगळे ठेवावे.

चालताना बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा काखेजवळची नस दाबतो आहे असे समजावे. लगेच बॅग उतरवून पट्टे सैल करावेत, कमरेचा पट्टा असेल तर भार त्यावर घ्यावा. तरीही मुंग्या राहिल्या तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. टाचेला फोड येतो तो बहुधा ओल्या सुती मोज्यांमुळे. त्वचा चुरचुरू लागली की तिथेच थांबून कापडी चिकटपट्टी लावावी, घरी गेल्यावर नव्हे.

स्लिप डिस्क, हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भार घेऊ नये. लहान मुलांना तर घेऊच देऊ नये. दप्तर उचलतात तेवढे पुरे.

सपाटीवर दोन महिने झाले की अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता धरावा. पावसाळ्यात पायवाटा शेवाळतात, त्या टाळाव्यात. यवतेश्वर घाट शनिवार-रविवारी नकोच, कासला जाणाऱ्या गाड्यांची तिथे रीघ असते. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे एकेक अनुभवी माणूस असावा, अंधार असेल तर त्यांच्याकडे विजेरी.

गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते, चढताना नाही. म्हणून पाणीच न्यावे: वर ओतावे आणि रिकाम्या बाटल्या घेऊन छोट्या पावलांनी उतरावे. कुठल्या रोपांना पाणी घालायचे हे वनविभागाला विचारून ठरवावे आणि मार्च ते मे या महिन्यांतले रविवार गणेश मंडळांनी वाटून घ्यावेत. रोपाभोवती आधी आळे करावे, नाहीतर उतारावर पाणी वाहून जाते. वीस जणांनी चार-चार बाटल्या नेल्या तर एका खेपेत ८० लिटर होतात. रोपाला आठवड्याला १० लिटर धरले तर आठ रोपांचा उन्हाळा निघतो.

– शारीरिक शिक्षण शिक्षक, शाहूपुरी, सातारा