चि. स्वातीस: तुझी विसरलेली वही

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

चवथीला, गणपतीला, आलीस आणि जाताना आयटीआयत शिकवायच्या तुझ्या कोर्सची ट्रेनिंग मेथडॉलॉजीची, म्हणजे कसं शिकवायचं त्याची, वही इथेच विसरलीस. आईला ती नारळांच्या पिशवीखाली सापडली. रात्री जेवण झालं की मी दोन-चार पानं वाचतो. न विचारता वाचली, रागावू नकोस. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाच्या धड्यावर तू पेन्सिलीने ‘फक्त मार्कांपुरतं’ असं लिहिलंयस. ते काही मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

आयटीआयत पहिले कित्येक आठवडे आम्ही नुसती कानस मारत होतो, ते तुला ठाऊक आहे. माझा जॉब, म्हणजे घासायला दिलेला लोखंडी तुकडा, कधी सपाट यायचाच नाही, मध्ये फुगायचा आणि कडांना उतरायचा. आमचे एक सर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावायचे, “चुकलं” म्हणायचे आणि तुकडा भंगाराच्या डब्यात टाकायचे. का चुकलं हे विचारायची सोय नव्हती. आपल्या हातातच खोट आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग दोन महिन्यांसाठी दुसरे सर आले. त्यांनी गुण्या माझ्याच हातात दिला, मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, “उजेड कुठून येतो?” दोन्ही कडांशी येत होता. “मग कानस काय करते?” मी म्हटलं, झुलते. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवले. स्ट्रोक सुरू होताना पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, शेवटाला मुठीवरच्या हाताचा जास्त. एवढं दाखवून ते पुढच्या पोराच्या व्हाइसकडे (तुकडा पकडायच्या शेगड्याकडे) गेले. त्या दिवशी चार वाजेपर्यंत एका टोकाला केसाएवढी फट उरली होती, आणि ती माझी मला दिसली.

सिलॅबस दोघांचा एकच होता गं. पहिल्या सरांना फक्त तुकडा दिसायचा. दुसऱ्यांना तुकड्यामागे उभा असलेला पोरगा दिसला, आणि उद्या आपण नसताना त्याने काय करायचं, तेही त्यांच्या डोक्यात होतं. तू मार्कांपुरतं म्हणतेस ते शिक्षणाचं तत्त्वज्ञान हेच.

तुझ्या वहीत जॉन ड्युई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर अर्धं पान व्याख्या आहेत. त्यातून काही हाती लागेना, म्हणून पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत एक सकाळ घालवली. या माणसाने १८९६ साली शिकागोत शाळा काढली आणि मुलांना सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम करायला लावलं. एकदा मुलं बोंडांतून आणि सरकीतून हाताने कापूस सोडवायला बसली. अर्ध्या तासात औंसभरही निघाला नाही. पूर्वीची माणसं सुती सोडून लोकरीचे कपडे का घालत, हे मग त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मुलांना विणकर करायचा त्याचा बेत नव्हताच. कारखान्यांना तयार हात पुरवणारं धंदेशिक्षण त्याला मान्य नव्हतं.

इथे मात्र मी त्याच्याशी थोडा भांडतो. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यांत पोराला काम लागलं की घरातली उधारी फिटते. तुझ्याकडे येणारी मुलं त्यासाठीच येणार, त्यांना नावं ठेवू नकोस. पण आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा काय झालं, तेही सांगतो. ज्यांना नुसतं हँडल फिरवणं येत होतं ते गांगरले. धातू असा का कापला जातो हे ज्यांना समजलं होतं, ते पंधरा दिवसांत रुळले.

वहीत गांधींची हस्तकामातून शिक्षण द्यायची वर्धा योजना, १९३७, आहे. पण मुलांच्या हस्तकामातून शाळेचा खर्च निघावा, या मुद्द्याखाली तू काहीच लिहिलं नाहीस. त्या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीनेच तेव्हा सावध केलं होतं की पैशाची बाजू वरचढ होऊन शिक्षण मागे पडेल. अप्रेंटिसला सहा महिने झाडू मारायला लावणारी वर्कशॉपं मी पाहिली आहेत.

फुले तर वहीत नाहीतच! १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी म्हटलं होतं की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा लाकूड तासायचा वाकस धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. चवथीला आत्याने “डिप्लोमा करून परत आयटीआयतच?” असं विचारलं, तेव्हा तू गप्प बसलीस. तिला हे सांगायला हवं होतंस.

आणि एक. गणपतीवरच्या माटोळीला, फळं-पानं टांगायच्या चौकटीला, सुपारीचा घोस बांधताना धाकट्याची गाठ दोनदा सुटली, तरी तू हात पुढे केला नाहीस. नुसतं म्हणालीस, “दोर कुठे सैल पडतो बघ.” हे कुठल्या पानावरून शिकलीस, ते मला वहीत सापडलं नाही.

शेजारचा मुलगा शनिवारी मडगावहून मुंबईला निघतोय, त्याच्याकडे वही देतो. बत्तिसाव्या पानावर चहा सांडलाय. तो आईच्या कपातला, माझ्या नव्हे.

तुझे,
बाबा