आमचे व्याही

प्रिय आई-बाबा,
सा. न.

लग्नाची नोंदणी सप्टेंबरात इथेच, स्पेनमध्ये वालेन्सियात करायचं ठरवलंय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण त्याच्या आजीला विमानात बसवणं शक्य नाही. साताऱ्यात मांडव घातला असता तर नानांच्या वेळचं सगळं पुन्हा उकरलं गेलं असतं. आणि आडनावाचं म्हणाल, तर इथे बाई लग्नानंतरही माहेरचंच लावते. मुलांना आई-बाप दोघांची आडनावं मिळतात. म्हणजे बाबा, तुमचंही चालूच राहणार!

आई, तू विचारलंस ना, "त्यांना म्हणायचं तरी काय?" इंग्रजीत अडलं असतं, पण इथे आपल्यासारखाच शब्द आहे. व्याही म्हणजे कोन्सुएग्रो, विहीण म्हणजे कोन्सुएग्रा. हाक मात्र नावानेच मारायची. सासूबाईंना नुसत्या नावाने हाक मारताना माझी आठ दिवस जीभ वळत नव्हती.

मी म्हणेन, "एस्ता एस मि माद्रे", ही माझी आई. तू म्हणायचं "एन्कान्तादा". बाबा, तुम्ही "एन्कान्तादो". मी पहिल्या भेटीत 'दो' म्हणून बसले होते, दीर अजून चिडवतो. सासूबाई तुझ्या गालाला गाल लावतील, दोन्ही बाजूंनी. दचकू नकोस. पुरुष बाबांशी हातच मिळवतील.

आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या इथे 'तिया'. आत्याला हे सांगू नका, आधीच रुसलीय. सासरच्या गोतावळ्याला 'फामिलिया पोलितिका' म्हणतात, शब्दशः राजकीय कुटुंब. बाबा, यावर तुम्ही काय बोलाल ते मला ऐकूच येतंय.

जेवणं इथे दुपारी तीनला नि रात्री दहाला. तुम्हाला मात्र साडेसातला वरणभात मिळेल. तूरडाळ, कुकर, चहाची गाळणी सगळं घरात आहे. लिफ्टही आहे.

आई, लग्नात कुणी "मला ओळखलंस का?" विचारलं की मी तुझ्या पदराआड जायचे, आणि तू हळूच सांगायचीस, "कराडच्या मामी." इथे मी असेन तुझ्या कानाशी.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. डॉक्टरांची चिठ्ठीही. गुडघ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय, "मी काय म्हातारी झालेय?" म्हणून विमानतळावर ती परत पाठवायची नाही.

तुमची,
छकुली