दुखणं अंगावर काढू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या योनीमार्गाच्या ऑपरेशनच्या टाक्यांविषयी विचारलं, तर "थोडं दुखतंय गं" म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. इतकी वर्षं बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केल्यावर 'थोडं' म्हणजे किती ते मला आवाजावरून कळतं. तू लाजतेस, म्हणून लिहूनच कळवते.

दुखायला लागल्यावर गोळी घेऊ, असं करू नकोस. पहिले काही दिवस डॉक्टरांनी सांगितल्या वेळेला, घड्याळ बघून घे. कळ एकदा चढली की उतरता उतरत नाही. पॅरासिटामॉलची दिवसाची मर्यादा पाळ. सर्दीच्या गोळीतही ते असतं, दोन्ही एकदम घेतलं तर नकळत डोस वाढतो. आयबुप्रोफेन दिलं असेल तर ते रिकाम्या पोटी नको. तुझ्या ॲसिडिटीचं डॉक्टरांच्या कानावर घातलंयस ना?

पहिले 48 तास सूज उतरवायला बर्फ चांगला, पण कापडात गुंडाळून आणि एका वेळी 10 ते 15 मिनिटंच. कातडीला थेट लावलास तर ती भाजल्यासारखी होते.

आता खरी भीती कशाची असते ते सांगते, कारण बायका हे कुणालाच विचारत नाहीत: शौचाला जाण्याची. या ऑपरेशनमध्ये योनीमार्गाची मागची भिंत आणि खालचे स्नायू जवळ ओढून टाके घातलेले असतात, आणि गुदद्वार तिथून अगदी लागून. टाके उसवतील या धास्तीने बाई रोखून धरते, मग मळ खडा होतो, कुंथावं लागतं आणि ताण नेमका टाक्यांवरच येतो. त्यात ट्रामाडॉल किंवा कोडीनसारख्या कळ थांबवणाऱ्या गोळ्या बद्धकोष्ठ वाढवतात. म्हणून मळ मऊ करणारं औषध दिलेलं असतं, ते चुकवू नकोस. भरपूर पाणी पी. बसताना पायाखाली छोटा स्टूल घे, पुढे वाक, आणि स्वच्छ पॅडची घडी करून टाक्यांवर हाताने हलकेच धर. तेवढ्या आधाराने निम्मी भीती जाते. लघवीला झोंबत असेल तर करतानाच कोमट पाण्याची धार सोड. नंतर पुसायचं ते पुढून मागे, टिपून, घासायचं नाही.

टाके आपोआप विरघळतात. काही आठवडे पॅडवर धाग्याचे तुकडे, थोडा रक्ताळ किंवा पिवळसर स्राव दिसेल. त्याने घाबरू नकोस. पण 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, घाण वास, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, लघवी अडणं किंवा कमी व्हायच्या ऐवजी वाढणारं दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा, रात्र बघू नकोस. रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनच तुला रोज घरातल्या घरात चालायला लावलंय. जड मात्र उचलायचं नाही. बाळालासुद्धा दुसऱ्या कुणीतरी तुझ्या मांडीवर आणून द्यायचं.

आणि संबंधांविषयी. साधारण सहा आठवडे नको म्हणतात, टॅम्पॉनही नको. पण सहा आठवडे भरले म्हणून दार उघडलं असं नसतं. आधी तपासणी, मग तुझी स्वतःची इच्छा, आणि तेव्हाही वंगण जेली वापरून, सावकाश. दुखलं तर तिथेच थांबायचं. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून दात-ओठ खाऊन सोसलंस तर स्नायू धसक्याने आणखी आवळतात आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं. असं वारंवार झालं तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते. तिथे स्नायू आवळायला जितकं शिकवतात तितकंच सैल सोडायलाही. तो व्यायाम आत्ता मनाने सुरू करू नकोस.

तपासणीला जाताना हे सगळं कागदावर लिहून ने. बोलायचा संकोच वाटला तर कागदच डॉक्टरांच्या हातात दे. आणि आज रात्री मला खरं किती दुखतंय ते कळव.

तुझी,
आई