कानशिलावरचा कर्करोग 'सौंदर्यवर्धक' कसा, मंत्रिमहोदय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी सांगोला तालुक्यातला डाळिंब बागायतदार. सात वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने मला किडनी दिली. प्रत्यारोपण सरकारी योजनेतून झाले. त्याबद्दल आभार मानतो, आणि ते इथेच संपवतो.

कारण गेल्या महिन्यात माझ्या उजव्या कानशिलावरची गाठ काढून तिथे कातडी लावण्याचा प्रस्ताव योजनेकडून परत आला. बायोप्सीच्या कागदावर स्वच्छ लिहिले होते, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग. वर शेरा: 'त्वचारोपण सौंदर्यवर्धक उपचारात मोडते, देय नाही.' साहेब, माझे वय छप्पन. मला काय आता मुंडावळ्या बांधायच्या आहेत?

गाठ आली कुठून तेही ऐका. दुसऱ्याचा अवयव शरीराला परका वाटतो आणि ते त्याच्यावर उठते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांना दुसऱ्याची कातडी लावून पाहताना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांना हेच दिसले. परकी कातडी काही दिवसांत झडायची, आणि त्याच दात्याची पुन्हा लावली तर त्याहून लवकर. १९५३ मध्ये त्यांनी उंदरांच्या पिल्लांना गर्भातच परक्या पेशी टोचून पुढे तीच परकी कातडी अंगावर टिकवून दाखवली. १९६० मध्ये नोबेल मिळाले. आम्हाला गर्भात कोणी टोचले नव्हते, म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्तीला जन्मभर गुंगीत ठेवावे लागते. गुंगीतला राखणदार चोरालाही हटकत नाही. उन्हाने बिघडलेली पेशी निवांत वाढत बसते. पाश्चात्त्य देशांत प्रत्यारोपण झालेल्यांना हा कर्करोग होण्याचा धोका कोणी ६५ पट सांगतो, कोणी शंभर पट. आपल्या सावळ्या कातडीला कमी, मान्य. पण इतक्या वर्षांच्या तपासण्यांत एकदाही कोणी 'सदरा काढा, कातडी बघू' म्हणाले नाही. उन्हात टोपी घाला, एवढेसुद्धा नाही. खपली निघत राहिली, मलम मिळत राहिले.

कर्करोगावर हल्ली प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे निघाली आहेत. ती मला दिली तर ताईची किडनीच जाण्याची भीती. म्हणजे माझ्यासाठी सुरी हाच धड मार्ग. गाठ आजूबाजूच्या चांगल्या कडेसकट काढायची आणि खड्ड्यावर मानेखालची कातडी लावायची. कातडी माझीच, त्यामुळे शरीर ती नाकारत नाही. नाकारली ती तुमच्या संगणकाने.

शेवटी खासगीत केले. ताईने पाटल्या मोडल्या. आधी किडनी दिली, आता सोने. तिच्याकडे मागण्यासारखे अजून काय उरले आहे, ते योजनेच्या पुस्तिकेत पाहून सांगा.

तुमच्या लोकांचे भाषण सुश्रुताशिवाय सुरू होत नाही. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकीकत छापली होती. कावसजी नावाच्या बैलवाल्याचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते, ते कपाळाच्या कातडीने पुन्हा उभे केले. गोष्ट खरी आहे, मलाही अभिमान आहे. पण कावसजी आज आला असता तर त्याचीही फाईल 'सौंदर्यवर्धक' म्हणून परत गेली असती!

गोळ्यांचे तर विचारूच नका. सुरुवातीला योजनेतून मिळाल्या, मग खिशातून, महिन्याला दहा-बारा हजार. सरकारी दवाखान्यात कधी मिळाल्याच तर दर वेळी कंपनी वेगळी. रक्तातली मात्रा जरा घसरली तर किडनी धोक्यात, जरा चढली तर औषधच विष. म्हणून कंपनी बदलली की लेव्हल तपासायची असते. ती तपासणी 'बाहेरून करा'. केंद्राच्या कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या गोळ्यांसाठी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे म्हणतात. आमच्या तालुक्यात ती घेणारा एक माणूस दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

पण ३ ऑगस्टला अवयवदान दिन मात्र थाटात! फेरी, टोप्या, शपथ. सरकारला ऑपरेशन हवे असते, कारण त्याचा फोटो निघतो. नंतर वीस वर्षे गोळ्या गिळणाऱ्या माणसाचा कोण काढणार? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असे लिहिले होते. ते वर्ष येऊनही गेले. रस्ता अर्धवट राहिला तर निदान ठेकेदाराला शिव्या घालता येतात. इथे कोणाला घालायच्या? प्रत्येक टेबलावर 'वरून आले आहे' हेच उत्तर, आणि वर गेले की 'खालून प्रस्तावच नाही'.

मागणे काय? प्रत्यारोपण झालेल्याची कातडी वर्षातून एकदा तरी डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहावी. गोळ्या आणि लेव्हल कायमच्या योजनेत घ्याव्यात. कर्करोग काढल्यावर लावलेली कातडी सौंदर्यात धरू नये. यासाठी समिती नेमू नका, साधे परिपत्रक पुरे.

आणि तो शेरा कोणत्या डॉक्टरने मारला, की डॉक्टरने मारलाच नाही, हे लेखी कळवा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाच आहे.

आपला,
एक प्रत्यारोपित रुग्ण
ता. सांगोला, जि. सोलापूर