तो काम वेगळा, ते काम वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं की काम म्हणजे वासना, म्हणून कामाठीपुरा. हे साफ चुकीचं आहे आणि ऐकून मला खरंच राग येतो, म्हणून हे पत्र.

मराठीत काम हे दिसायला एकच, पण मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत. एक 'तो काम', म्हणजे इच्छा, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. धर्म-अर्थ-काम-मोक्ष मधला तोच, कामधेनूतला तोच, आणि ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आरंभी येतो तोही हाच. दुसरं 'ते काम', जे आपण सगळे करतो, ते 'कर्म'पासून आलंय. प्राकृतात कर्माचं कम्म झालं आणि मराठीत कम्माचं काम, जसं कर्णाचा कान, चर्माचं चाम, सप्तचं सात. बांधकाम, विणकाम, भरतकाम, कामचुकार ही सगळी याच घरातली. मूळचं कर्मही भाषेत राहिलंच, पण ते नशिबाच्या अर्थाने जास्त, 'माझं कर्म, दुसरं काय' म्हणतो ना ते.

आता निष्काम आणि निकामी शेजारी ठेवून बघा. निष्काम म्हणजे इच्छा न ठेवणारा, निकामी म्हणजे कशाच्याच उपयोगाचा नाही असा, एकात पहिला काम आणि दुसऱ्यात दुसरं, त्यामुळे निष्काम कर्मयोग म्हणजे काही न करणं असं ज्यांना वाटतं त्यांचा घोटाळा इथेच होतो. हिंदीतलं कामयाब ऐकून तर वाटतं की काम फत्ते झालं, पण ते फारसीतून आलंय आणि फारसीत काम म्हणजे इच्छा, संस्कृत कामाचा सख्खा भाऊच, म्हणजे कामयाब म्हणजे ज्याची इच्छा पुरी झाली तो. आणि आपल्या जुन्या कागदांत लढाईत माणूस 'कामास आला' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो तिथे पडला. केवढा मोठा अर्थ आहे त्या एका शब्दाला!

तर कामाठीपुरा. कामाठी म्हणजे तेलंगणाकडून आलेले तेलुगू बोलणारे मजूर. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते या भागात राहायला लागले, मुंबईच्या बांधकामांवर राबले, आणि वस्तीला त्यांचं नाव पडलं. तिथला वेश्याव्यवसाय नंतर वाढला, नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. चुकीची व्युत्पत्ती सांगितली की हे शहर ज्यांनी उभं केलं ती माणसंच नावातून पुसली जातात, आणि आजही तिथे राहणाऱ्या साध्या कुटुंबांना पत्ता सांगताना लाज वाटावी अशी वेळ येते ती वेगळीच.

माझी विनंती एवढीच की कामाठीपुऱ्याची बातमी छापाल तेव्हा कामाठी कोण होते हे एका ओळीत तरी द्या. आणि पुनर्विकासानंतर नाव बदलायची मागणी कुणी पुढे आणलीच, तर ही माहिती आधी छापा, मग मतं मागवा.

आपला,
एक नियमित वाचक