हवा हाताने काढायची, सेल्फने नाही

कोथरूड, पुणे
जूनचा पहिला आठवडा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

डिझेल फिल्टरचा नवा डबा नाना पेठेतून आणून गाडीच्या डिकीत ठेवला आहे. सोबत पट्ट्याचा पाना, पसरट ट्रे, फूटभर पारदर्शक नळी, दोन क्लिपा आणि लिटरभराची रिकामी बाटलीही आहे. शनिवारी ताम्हिणीतून कोकणात उतरायच्या आधी फिल्टर बदलून घ्यायचा तुझा विचार योग्यच आहे. फक्त हे काम शुक्रवारी रात्रीवर ढकलू नकोस, मंगळवारीच उरक. मध्ये निदान तीन सकाळी हव्यात. त्या कशासाठी, ते पुढे लिहितो.

डबा बदलायला पंधरा मिनिटं पुरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर काढणं. गाडी बिघडते ती बहुतेक वेळा इथे घाई केल्याने. सगळी घाई एकाच ठिकाणी होते: फिल्टरच्या डोक्यावरचा हँड पंप वीस वेळा दाबायचा आणि मग गाडी सुरू होईपर्यंत सेल्फ मारत बसायचं. हे मात्र तू करू नकोस.

त्याचं कारण असं. डिझेल जवळजवळ दबत नाही. १००० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण हजारपट दाबाखालीही ते जेमतेम ५-६ टक्के आकसतं. हवा मात्र स्पंजासारखी दबते. हायप्रेशर पंपात, म्हणजे डिझेल जबर दाबाने पुढे ढकलणाऱ्या पंपात, बुडबुडा अडकला की पंपाचा दट्ट्या तोच बुडबुडा दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब चढतच नाही. कॉमन रेल गाडीचा कॉम्प्युटर दाब एका मर्यादेपर्यंत पोचल्याशिवाय सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडत नाही. बहुतेक गाड्यांत ही मर्यादा २०० बारच्या आसपास असते. म्हणजे सेल्फ कितीही फिरवला तरी सिलिंडरमध्ये डिझेलचा थेंब पडत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याचं वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलच. आतल्या भागांमधली फट मायक्रॉनच्या मापाची असते. तिथे डिझेलऐवजी हवा गेली की धातू धातूला घासतो. त्यातून निघालेला चुरा रेलमध्ये जातो, इंजेक्टरमध्ये जातो आणि परतीच्या नळीतून टाकीतही जातो. फिल्टरच्या किमतीत भागणारं काम मग पंप, चारही इंजेक्टर आणि टाकीची सफाई इथपर्यंत जातं.

आता कामाला लाग. टाकी निदान अर्धी भरलेली हवी, म्हणजे डिझेल ओढायला सोपं जातं. इंजिन थंड हवं. गाडी सपाट जागी उभी कर, सोसायटीच्या उतारावर नको. नाक वर असलं की नळीतलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं. फिल्टर हेडच्या, म्हणजे डबा ज्यावर बसतो त्या भागाच्या, भोवतीची धूळ आधी ब्रशने झाड, मग पूस. पुसायला सुताचा बोळा घेऊ नकोस, त्याचे धागे सुटतात. जुना सुती सदरा चालेल. डब्याखाली ट्रे ठेव आणि अल्टरनेटर, पट्टा आणि रबरी नळ्या प्लॅस्टिकने झाक. डिझेल पडलेलं रबर फुगतं. कुठे सांडलंच तर लगेच साबणाच्या पाण्याने धू.

डब्याच्या तळाशी पाण्याचा सेन्सर आहे. त्याची वायर काढ, मग ड्रेनचा स्क्रू सैल कर आणि आतलं डिझेल बाटलीत घे. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेव. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसेल. पावसाळ्याच्या तोंडावर अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं, त्यामुळे तळाशी चार-दोन थेंब दिसले तर घाबरू नकोस. पण बोटभर पाणी दिसलं तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवावी लागेल. बाटली उन्हात धरून हलव. चांदीसारखी बारीक चमक तरंगताना दिसली तर तिथेच थांब आणि मला फोन कर. पंप घासला गेल्याची ती खूण असते आणि अशा गाडीत नवा फिल्टर घालून काही उपयोग होत नाही.

डबा पट्ट्याच्या पान्याने उलटा फिरवून काढ. काढल्यावर पहिलं काम म्हणजे जुनी रबरी रिंग डब्याबरोबर आली का ते पाहणं. ती हेडला चिकटून राहिली आणि तिच्यावर नव्या डब्याची रिंग बसली, तर दोन रिंगांमधून हवा आत जाते. असा फिल्टर कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. अंदाजाने नको, हेडवरून बोट फिरवून खात्री कर.

नवा डबा आधी डिझेलने भरून बसवावा की रिकामाच, यावर दोन मतं आहेत. भरल्याने वेळ वाचतो हे खरं. पण डब्याच्या मधलं मोठं भोक हे गाळलेल्या डिझेलच्या बाहेर पडण्याची वाट असते. त्यातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपाला जातं. ओतायचंच तर कडेच्या लहान भोकांतून, हळूहळू. माझं मत विचारशील तर तू ओतूच नकोस. कॅन किती स्वच्छ आहे याची खात्री नसते आणि हाताने शंभर वेळा जास्त दाबावं लागलं तर त्यात काही बिघडत नाही. एका दाबाला साधारण चमचाभर डिझेल येतं, त्यावरून डबा भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज तुला येईल.

नव्या रिंगला बोटाने डिझेल लाव. कोरडी रिंग आवळताना पिळली जाते. डबा हाताने फिरवत रिंग हेडला टेकेपर्यंत ने आणि तिथून पुढे पाऊण फेरा, तोही हातानेच. पाना फक्त काढताना वापरायचा. पाण्याचा सेन्सर जुन्या डब्यातून काढून नव्यात बसवशील तेव्हा त्याची ओ-रिंग नवी घाल. ती फिल्टरच्या खोक्यातच एका छोट्या पिशवीत असते आणि लोक खोक्याबरोबर टाकून देतात. सेन्सरचे आटे प्लॅस्टिकचे आहेत, जोर लावशील तर तडकतील.

आता हवा काढायची. हेडवर एक छोटा स्क्रू आहे, निपलसारखा. त्यावर पारदर्शक नळीचं एक टोक चढव आणि दुसरं बाटलीत सोड. बाटली आधी रिकामी करून पुसून घे. स्क्रू एक-दीड फेरा उघड. मग हेडवरचं हँड पंपाचं बटण पूर्ण खाली दाब आणि सावकाश वर येऊ दे. झटपट दाबलंस तर डिझेल ओढलं जायच्या आतच तू पुढचा दाब देशील. सुरुवातीला नुसती हवा फुसफुसेल आणि बटण हलकं लागेल. मग दुधासारखा फेस येईल. त्यानंतर स्वच्छ डिझेल आणि मध्येच एखादा बुडबुडा. इथेच बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतात. बुडबुडे पूर्ण थांबल्यावर आणखी वीस वेळा दाब, कारण हेडच्या कोपऱ्यात अडकलेली हवा शेवटी सुटते. स्क्रू बंद करताना बटण खाली दाबून धरलेलं असू दे. सोडलेल्या बटणाच्या ओढीने नळीतून हवा परत आत येते.

स्क्रू बंद झाल्यावर पुन्हा दाबत राहा. आता डिझेल पुढे हायप्रेशर पंपाकडे जातं आणि उरलेली हवा परतीच्या वाटेने टाकीत जाते. बटण दगडासारखं घट्ट झालं, अंगठा टेकवून भार दिला तरी खाली जाईना, की काम झालं. दीडशे वेळा दाबूनही बटण मऊच राहिलं तर दोनच शक्यता: हँड पंपाच्या आतली एकमार्गी झडप गेली आहे किंवा कुठून तरी हवा आत येते आहे. अशा वेळी गाडी सुरू करून बघू नकोस.

किल्ली फिरवून, सिलिंडर आधी तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझू दे. मग सेल्फ मार, फार तर दहा सेकंद. सुरू झाली नाही तर अर्धा मिनिट थांब. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, वाइंडिंग तापतं आणि बॅटरी बसते. असे तीन प्रयत्न झाले की पुन्हा हँड पंपाकडे ये, चौथा प्रयत्न नको. सुरू झाल्यावर मिनिटभर अडखळेल, आवाज खडखडीत येईल. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवू नकोस. पाच मिनिटं आयडलवर चालू दे, मग दोन-तीन मिनिटं १५०० आरपीएमला. पंपातून शेवटची हवा जात असताना वेग वाढवणं म्हणजे त्याला कोरडा पळवणं. नंतर इंजिन बंद करून रिंग, ड्रेन आणि निपल यांच्यावरून कोरडा कागद फिरव. कागद ओला झाला तर गळती आहे.

गाडी सुरू होऊन दहा-वीस सेकंदांत बंद पडली तर चक्रावू नकोस. फिल्टरमध्ये जेवढं डिझेल होतं तेवढं जळलं आणि मागून हवेचा मोठा गोळा आला. पुन्हा दाबून हवा काढ.

एक गोष्ट सक्तीने सांगतो. जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांत इंजेक्टरच्या नळ्यांचे नट १७ च्या पान्याने सैल करून, सेल्फ मारून हवा काढायचे. वाटेत कुठे अडकलीस तर एखादा अनुभवी मिस्त्री चांगल्या मनानेच तोच उपाय करू पाहील. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हण. कॉमन रेलमध्ये त्या नळीत शेकडो बारचा दाब असतो. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून हात सडायला लागतो. असं कुणाचं झालं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना 'जास्त दाबाखाली डिझेल आत गेलं आहे' असं स्पष्ट सांगायचं. नुसती मलमपट्टी करून घरी यायचं नाही. इंजिन चालू असताना फिल्टरच्या पुढच्या एकाही नळीला हात लावायचा नाही आणि बंद केल्यावरही दहा मिनिटं जाऊ द्यायची. तसंच एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू द्यायचा नाही. गरम ग्लो प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फोडू शकतो.

आता त्या तीन सकाळींविषयी. फिल्टर बदलल्यावर गाडी लगेच सुरू झाली यावरून काम नीट झालं असं ठरत नाही. ते ठरतं रात्रभर उभी राहिल्यावर. टाकीपासून हायप्रेशर पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते, तिच्यात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. म्हणून तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत येते. खाली एकही थेंब दिसत नाही आणि तरी सकाळी सेल्फ सात-आठ सेकंद फिरवावा लागतो. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी हँड पंप दाबून बघ. बटण मऊ लागलं आणि घट्ट झाल्यावर गाडी चटकन सुरू झाली, तर हवा येते हे नक्की. रोज सकाळी पंप मारून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. तू तशी सवय लावून घेऊ नकोस, फट शोध.

ती शोधण्यासाठीच पारदर्शक नळी आणि क्लिपा दिल्या आहेत. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून तिथे ही बसव, इंजिन आयडलवर ठेव आणि बघ. सुरुवातीचे दोन-चार बारीक बुडबुडे चालतात. मण्यांची माळ सतत येत राहिली तर फट आहे. मग इंजिन बंद करून तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लाव. तिथेही बुडबुडे दिसले तर दोष टाकी ते फिल्टर या नळीत, आणि तिथे स्वच्छ असेल तर फिल्टरच्या डोक्यात: रिंग, सेन्सरची ओ-रिंग, ड्रेन स्क्रू, निपलचा वॉशर किंवा हँड पंप स्वतः. मला आधी शंका सेन्सरच्या ओ-रिंगची येईल. ही नळी फक्त तपासणीपुरती आहे, ती लावून ताम्हिणीत जाऊ नकोस. उष्णतेने आणि डिझेलने ती कडक होते. नवी लागली तर बोहरी आळीत मिळेल, ८ मिलिमीटर आतल्या मापाची माग. रबरी नळी टोकाला चिरलेली दिसली तर तेवढं टोक कापून पुन्हा चढव, क्लिप स्क्रूची वापर, प्लॅस्टिकचा पट्टा नको.

इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला तर त्याचा अर्थ रेलचा दाब कमी पडतोय, एवढाच. पंप गेला असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी ही नळीची तपासणी करायची, मग पुढचं. कुणी थेट नवा पंप टाकायला सांगितलं तर त्याला सेल्फ मारताना रेलचा दाब किती दिसतो ते विचार.

बाटलीतलं जुनं डिझेल आणि जुना फिल्टर गटारात किंवा कचऱ्यात टाकू नकोस. आपल्याकडचं गटार शेवटी मुठेतच जातं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं, तिथे दे.

मंगळवारी काम झालं की बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार सकाळी सेल्फ किती सेकंद फिरवावा लागला ते लिहून ठेव आणि मला कळव. दोन सेकंदांच्या आत तिन्ही दिवस सुरू झाली तर शनिवारी खुशाल नीघ. शुक्रवारी आकडा वाढलेला दिसला तर निघण्याआधी फोन कर.

तुझा,
बाबा