वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर मुलीचा हात मोडला: लेखी खुलासा व नुकसानभरपाई मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा विभागाचे उत्तर मिळाले. तिकिटाच्या मागे 'राइडचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर' असे छापलेले आहे, घसरगुंडीच्या वर उभा असलेला मुलगा ठेकेदाराचा कामगार होता व त्याला कामावरून काढले आहे, आणि सदिच्छा म्हणून कंपनी १०,००० रुपये व वर्षभराचे मोफत पास द्यायला तयार आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी 'यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर मी सही करायची आहे. मी ती करणार नाही. का करणार नाही ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांनी हे उत्तर पाठवले त्यांनी माझी मूळ तक्रार वाचली असेल असे मला वाटत नाही.

माझी अकरा वर्षांची मुलगी आणि तिची मामेबहीण दोघींच्या ट्यूबवर बसून मोठ्या घसरगुंडीवरून खाली आल्या. घसरगुंडी जिथे हौदात उतरते त्या तोंडाशीच ट्यूब उलटली. भाची पोहत बाजूला झाली. मुलगी कंबरभर पाण्यात उभी राहून ट्यूबचा पट्टा ओढत होती, तोच दोन मोठ्या माणसांची पुढची ट्यूब वेगाने खाली आली आणि तिच्या उजव्या हातावर आदळली. मनगटाच्या वर दोन्ही हाडे मोडली. ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या.

मुलीला गाडीत बसवल्यावर मी चप्पल घ्यायला परत गेले आणि तो जिना चढून वर पाहून आले. घसरगुंडीला वळण असल्यामुळे वरून हौद अजिबात दिसत नाही. म्हणून वर लाल-हिरवा दिवा बसवलेला आहे. तो बंद होता. त्याच्या वायरची टोके उघडी होती आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांधलेली होती. म्हणजे तो त्या दिवशी बिघडलेला नव्हता, बऱ्याच दिवसांपासून तसाच असणार. खाली शिट्टी घेऊन एक जीवरक्षक उभा असायला हवा, तो शेजारच्या हौदातल्या रिकाम्या ट्यूब गोळा करायला गेला होता. वरचा मुलगा एकटा होता. ट्यूब लावणे, माणसे बसवणे, रांग आवरणे आणि ट्यूब सोडणे हे सगळे तोच करत होता, आणि जिन्यावर लोक 'सोड ना लवकर' म्हणून ओरडत होते. खाली हौद मोकळा झाला की नाही हे त्याला कळायचा एकही मार्ग आपण ठेवला नव्हता.

आणि अशा मुलाला काढून टाकले, हे आपण मला कारवाई म्हणून कळवता! त्याला काढा अशी मागणी मी कुठेही केलेली नाही. तो माझ्यासमोर थरथरत उभा होता. कामावर येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, काम कोणी शिकवले असे विचारल्यावर 'आधीच्या मुलाने दाखवले' म्हणाला. ठेकेदार आपण नेमला, दिवा आपण दुरुस्त केला नाही, एका जीवरक्षकावर दोन हौद आपण सोपवले. तिकिटाचे पैसे मी ठेकेदाराला दिलेले नाहीत.

पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागचा सोडायचा नाही, या एका नियमावर अशा सगळ्या राइड उभ्या आहेत. तो मोडला की काय होते हे आपल्या व्यवसायातल्या माणसांना मी सांगायला नको. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कात २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' रोलर कोस्टरच्या रुळावर एक रिकामी गाडी अडकली होती. यंत्रणेने मागची गाडी आपोआप रोखली. यंत्रणाच चुकली असे समजून कर्मचाऱ्यांनी ती रोख हाताने काढली आणि सोळा माणसे बसलेली गाडी पुढच्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्ड पार्कात तराफ्यांच्या राइडवर ऑक्टोबर २०१६ मध्ये पंप बंद पडून पाणी उतरले, एक तराफा अडकला आणि मागून आलेला तराफा त्यावर धडकला. चार माणसे गेली. दोन्ही ठिकाणी बटणाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवून कंपनी सुटली नाही. दोन्ही कंपन्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. ऑल्टन टॉवर्स चालवणाऱ्या मर्लिनला ५० लाख पौंड आणि ड्रीमवर्ल्डच्या मालक कंपनीला, आर्डेंट लेझरला, ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. माझ्या मुलीचा हात मोडला, जीव वाचला. पण नियम तोच मोडला होता, आणि त्या ट्यूबवरची माणसे तिच्या हाताऐवजी मानेवर आली असती तर हे पत्र लिहायला मी शुद्धीवर नसते.

आता तिकिटावरच्या त्या ओळीबद्दल. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापलेले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील अटीने झटकता येत नाही. एका मोटारीच्या बाबतीत हे खरे असेल, तर मुलाच्या हाताच्या बाबतीत आपण वेगळे काय सांगणार? पाणी अंगावर येईल, पोटात गोळा येईल, गुडघा खरचटेल, एवढे आम्ही तिकीट काढतानाच धरून चालतो. दिवा बंद आहे आणि जीवरक्षक जागेवर नाही, हे आम्हाला कोणी सांगितले होते? राजकोटच्या गेम झोनमध्ये मे २०२४ मध्ये २७ जण होरपळून गेले, तिथेही आत जाणाऱ्यांकडून जबाबदारी नाकारणारे कागद भरून घेतले जात होते, असे वर्तमानपत्रांत आले होते. त्या कागदांनी कोणाला वाचवले?

प्रथमोपचाराबद्दल तर बोलायलाच नको. खोलीला कुलूप होते. किल्ली येईपर्यंत मुलगी बाकावर हात छातीशी धरून बसली होती. आत वेदनाशामक स्प्रे आणि क्रेप बँडेज एवढेच निघाले. शेवटी माझ्या भावाने कँटीनमधून वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला आणि तिचा हात त्यावर बांधला. रुग्णवाहिका 'बाहेर गेली आहे' असे सांगितले, म्हणून आमच्याच गाडीतून नाशिकला आणले. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. हलगर्जीपणामुळे ग्राहकाला झालेली इजा तीत येते, आणि ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हेही येते. मी दोनदा लेखी मागूनही सीसीटीव्हीचे चित्रण मिळालेले नाही, याची म्हणूनच आठवण करून देते. ते चित्रण, त्या घसरगुंडीची रोजच्या तपासणीची नोंदवही, त्या दिवशीचा हजेरीपट आणि प्रथमोपचाराची नोंद यांतले काहीही नष्ट होऊ नये अशी या पत्राने मी आपल्याला लेखी सूचना देत आहे. या सगळ्याच्या प्रती मला हव्या आहेत.

दवाखान्याचा आजवरचा खर्च ६८,४०० रुपये झाला आहे, बिले सोबत आहेत. तारा काढण्याचा आणि फिजिओथेरपीचा खर्च अजून व्हायचा आहे. तो पूर्ण खर्च, मी घेतलेल्या बिनपगारी रजेची भरपाई आणि मुलीने जे सोसले त्याची रास्त भरपाई कंपनीने द्यावी. ती शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. जूनपासून सराव सुरू होतो आणि यंदा तिला मैदानाच्या कडेला बसून पाहावे लागणार आहे. याची किंमत कशी करायची ते मला कळत नाही, पण वर्षभराच्या पासात ती बसत नाही हे नक्की. त्या पाण्यात ती परत पाय ठेवायला तयार नाही, पास कोणासाठी?

पैशांइतकीच माझी दुसरी मागणी महत्त्वाची आहे. वरचा दिवा चालू होईपर्यंत आणि खालच्या हौदाला स्वतंत्र जीवरक्षक मिळेपर्यंत ती घसरगुंडी बंद ठेवा. गेल्या रविवारी ती चालू होती, आमच्या ओळखीचे एक कुटुंब तिथे जाऊन आले. वर पिशवी तशीच बांधलेली होती. आणि त्या मुलाला कामावर परत घ्या, त्याला नीट शिकवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिक जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. आपले कार्यालय मुंबईत असले तरी मी राहते तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा कायद्याने मला दिली आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे या पत्राची प्रत आजच पाठवत आहे. कृपया उत्तर फोनवर देऊ नये.

आपली,
मुलीची आई व तिकीटधारक ग्राहक, नाशिक

सोबत: तिकिटांची व दवाखान्याच्या बिलांची प्रत, एक्स-रेची प्रत, बंद दिव्याचा फोटो, आपल्या उत्तराची प्रत.